छताखालचे थीम पार्क : आराखडा बाहेर पडण्याच्या वाटेपासून सुरू व्हावा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

इनडोअर थीम पार्कची बातमी जेव्हा जेव्हा छापून येते, तेव्हा तिच्यात छताचे क्षेत्रफळ, सर्वांत उंच राइडची उंची आणि गुंतवणुकीची रक्कम हे तीन आकडे हमखास असतात. त्यांवरून प्रकल्प किती मोठा आहे ते कळते, पण तो कसा आखला आहे ते कळत नाही. इमारतींच्या आराखड्यांशी व्यवसायाने संबंध असल्यामुळे या दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, असे मला मनापासून वाटते. मोकळ्या उद्यानावर छप्पर चढवले म्हणजे इनडोअर पार्क तयार होत नाही. छत आले की धूर, हवा, आवाज, उजेड, खांब आणि गर्दीची हालचाल यांतली प्रत्येक गोष्ट वेगळी वागू लागते. म्हणून अशा उद्यानाच्या कागदावर ओढली जाणारी पहिली रेघ माणसांच्या बाहेर पडण्याच्या वाटेची असावी, राइडच्या रुळांची त्यानंतर यावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

प्रत्यक्षात क्रम बहुतेक वेळा उलटा असतो, आणि त्याला व्यवहारातले कारण आहे. मोठी राइड कारखान्यात तयार होऊन जागेवर यायला बराच काळ लागतो, त्यामुळे तिची मागणी सर्वांत आधी नोंदवावी लागते. एकदा राइड ठरली की तिच्या मापांभोवती खांब बसवले जातात, खांबांच्या मध्ये दुकाने आणि खाद्यगृहे बसवली जातात, आणि जी जागा शेवटी उरते तिच्यातून जिने, मार्गिका आणि संकटकाळचे दरवाजे काढले जातात. नियमाने सांगितलेली रुंदी कशीबशी भरून निघते, परंतु ती वाट कोणाच्या नजरेस पडेल, घाबरलेला माणूस तिच्याकडे वळेल का, याचा विचार तोवर करताच येत नाही, कारण सगळे जागच्या जागी पक्के झालेले असते.

छतामुळे मिळणारे लाभ मला मान्य आहेत. ऊन, पाऊस, थंडी यांतून सुटका होते आणि व्यवसाय बारमाही चालतो, हे तर उघडच आहे. रचनाकाराच्या दृष्टीने त्याहून मोठा लाभ म्हणजे उजेडावर मिळणारा ताबा. २०१८ साली अबू धाबीत सुरू झालेल्या वॉर्नर ब्रदर्स वर्ल्डमध्ये बॅटमॅनच्या कथांतील गॉथम सिटीचा विभाग कायम रात्रीच्या अंधारात ठेवला आहे, आणि त्याच इमारतीत थोड्या अंतरावर पाहुण्यांना वाळवंटातले लख्ख आकाश दिसते. मोकळ्या जागेत हे शक्यच नाही. याच्या नेमकी उलट वाट अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ‘मॉल ऑफ अमेरिका’ने निवडली. १९९२ साली तेथे सुरू झालेले उद्यान काचेच्या छताखाली आहे, तिथे खरी झाडे वाढतात, आणि त्यांच्यावरची मावा ही कीड आटोक्यात ठेवण्यासाठी लेडीबर्ड भुंगेरे सोडले जातात. त्या भागातला हिवाळा अतिशय कडक असूनही मॉलच्या मधल्या मोठ्या जागांना मध्यवर्ती हीटिंग नाही. काचेतून येणारे ऊन, दिव्यांची उष्णता आणि माणसांच्या अंगची ऊब एवढ्यावर तिथले तापमान टिकते. सोलमधल्या लोट्टे वर्ल्डने तिसरा मार्ग घेतला. १९८९ साली छताखालचा भाग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या तळ्यात मॅजिक आयलंड हा उघडा भाग जोडला गेला. मला स्वतःला ही तिसरी मांडणी सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तीत गर्दीला रोजच्या सवयीनेच बाहेर पडण्याची ओळखीची वाट मिळते. या सवयीचे महत्त्व पुढे येईलच.

आता गर्दीच्या गणिताकडे वळतो. थीम पार्क आखणारे लोक वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसासाठी जागा आखत नाहीत, कारण तसे केले तर उरलेले वर्षभर निम्मे उद्यान ओस पडेल. त्याच्या थोडा खालचा एक दिवस ते निवडतात आणि त्याला ‘डिझाइन डे’ म्हणतात. त्या दिवशी एका वेळी आत असणारी कमाल माणसे किती आणि राइड, नाट्यप्रयोग, खेळ मिळून तासाला किती जणांना सामावून घेता येते, या दोन आकड्यांच्या जुळणीवर उद्यानाचे स्वास्थ्य ठरते. चोवीस आसनांची गाडी दर मिनिटाला एक सुटली तर तासाला १,४४० माणसे बसतात. परंतु पट्टे तपासणे, पिशव्या बाजूला ठेवणे, घाबरलेल्या मुलाला उतरवून घेणे यांत मिनिटाऐवजी दीड मिनिट गेले की हीच संख्या ९६० होते. कागदावर मोजलेल्यांपैकी एक तृतीयांश माणसे राइडवर नसून रांगेत उभी असतात. मोकळ्या उद्यानात ती रांग झाडाखालून वळवता येते. छताखाली ती येण्याजाण्याच्याच फरशीवर पसरते आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर साखळ्या आणि लोखंडी कठडे येतात. म्हणून परवानगीच्या अर्जात दाखवलेली माणसांची कमाल संख्या आणि सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष विकली जाणारी तिकिटे यांचा मेळ तपासणे ही औपचारिकता समजली जाऊ नये. दरवाजांची रुंदी पहिल्या आकड्यावरून ठरते, आणि आत माणसे दुसऱ्या आकड्याप्रमाणे असतात.

खांबांचा प्रश्न वरवर केवळ अभियंत्यांचा वाटतो, पण तो तसा नाही. लांब अंतर खांबाविना पेलणारे छत महाग असते, म्हणून खांब वाढवण्याचा मोह होतो, आणि मग राइडचे रूळ त्या खांबांमधून वळणे घेत जातात. कॅनडातील वेस्ट एडमंटन मॉलमध्ये १४ जून १९८६ रोजी माइंडबेंडर या रोलर कोस्टरच्या शेवटच्या डब्याच्या चाकांचे बोल्ट सैल होऊन डबा रुळावरून सुटला आणि काँक्रीटच्या खांबावर आदळला. त्या अपघातात तीन जण मरण पावले. मूळ दोष चाकांच्या जोडणीचा होता, पण बंदिस्त जागेत रुळाच्या शेजारी नेहमीच काहीतरी कठीण उभे असते, हेही त्यातून लक्षात घ्यावे लागते. राइडभोवती हात-पाय पोहोचणार नाहीत एवढी जागा मोकळी ठेवण्याचे नियम सर्वत्र आहेत. बंदिस्त उद्यानात त्याहून अधिक जागा सोडणे, राइडचा पाया इमारतीच्या पायापासून वेगळा ठेवणे आणि रुळांशेजारून तंत्रज्ञाला चालत जाता येईल अशी मार्गिका पहिल्यापासून आखणे आवश्यक आहे. वीज गेल्यावर उंचावर थांबलेल्या गाडीतून माणसे खाली आणायची तर हीच मार्गिका लागते. जे छताखाली नीट बसत नाही ते बाहेर नेण्यातही कमीपणा नाही. २०१० साली अबू धाबीत सुरू झालेल्या फेरारी वर्ल्डचे छत सुमारे २ लाख चौरस मीटरचे आहे. तरीही ताशी २४० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या फॉर्म्युला रोसा या कोस्टरचे रूळ त्या छताबाहेर मोकळ्या जमिनीवर नेलेले आहेत.

यापुढचा विषय आगीचा आहे, आणि त्यावर मी अधिक लिहिले तर आपण समजून घ्याल अशी आशा आहे.

थीम पार्कमधले डोंगर, गुहा, राजवाडे, वृक्ष हे बहुधा थर्माकोल, फोम, फायबर आणि रंग यांचे असतात. दगड दिसणारी गोष्ट दगडाची नसते, आणि आग लागली की ती दगडासारखी वागत नाही. न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर या उद्यानात ११ मे १९८४ रोजी हाँटेड कॅसल नावाच्या भुताच्या वाड्याला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले आत अडकून मरण पावली. तो वाडा ट्रकचे ट्रेलर एकमेकांना जोडून केलेला होता, आत अंधार आणि मुद्दाम गोंधळात टाकणाऱ्या वाटा होत्या, भिंतींना फोम होता, आणि आगीच्या उष्णतेने आपोआप उघडून पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर अमेरिकेतील नियमांत अशा बांधकामांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. स्प्रिंकलर आणि धूर ओळखणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि यंत्रणेने इशारा देताच आतले सगळे आवाज आपोआप बंद होऊन दिवे लागले पाहिजेत, असेही ठरले. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो. माणसाला भुलवण्यासाठी उभे केलेले सारे नाट्य एका क्षणात थांबवता आले पाहिजे, आणि हे थांबवणे घाबरलेल्या कर्मचाऱ्याच्या बोटावर अवलंबून राहता कामा नये.

उंच छताची अडचण आणखी वेगळी आहे. नेहमीच्या खोलीत धूर आणि उष्णता काही सेकंदांत छतापर्यंत पोहोचतात आणि तिथले स्प्रिंकलर उघडतात. छत वीस-तीस मीटर उंचीवर असले की वर जाताना धुरात भोवतालची हवा मिसळत जाते, तो थंडावतो, आणि छतावरचे स्प्रिंकलर उघडण्याइतकी उष्णता तिथे पोहोचायला फार उशीर होतो. काचेच्या छताखाली उन्हाने तापलेल्या हवेचा थर असेल तर धूर त्याच्या खालीच पसरतो आणि छताला लावलेल्या डिटेक्टरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अशा इमारतीत वेगवेगळ्या उंचीवर किरणांच्या साहाय्याने धूर ओळखणारी उपकरणे लागतात, प्रत्येक कृत्रिम गुहेच्या आणि डोंगराच्या पोटात स्वतंत्र स्प्रिंकलर लागतात, आणि धूर बाहेर खेचणारे पंखे तसेच खालून ताजी हवा येण्याचे मार्ग हे छताच्या आराखड्याबरोबरच ठरवावे लागतात. छत पूर्ण झाल्यावर ही सारी सोय चिकटवता येत नाही.

तरीही यंत्रणा हा या विषयाचा अर्धाच भाग आहे. आइल ऑफ मॅन बेटावर १९७१ साली समरलँड नावाचे बंदिस्त करमणूक केंद्र सुरू झाले. पारदर्शक अॅक्रिलिकची भिंत आणि छत हे त्याचे मोठे आकर्षण होते. २ ऑगस्ट १९७३ रोजी तिथे लागलेल्या आगीत ५० माणसे गेली. बाहेर पडण्याचे काही दरवाजे कुलूपबंद होते. जोनाथन साइम या संशोधकाने वाचलेल्यांच्या जबान्या अभ्यासून १९८० च्या दशकात दाखवून दिले की, संकटात माणसे जवळच्या दाराकडे धावतील असे गृहीत धरणे चूक आहे. ती ओळखीच्या वाटेकडे, म्हणजे ज्या दाराने आत आली त्याच दाराकडे वळतात, आणि ओळखीच्या माणसांकडे वळतात. कर्मचारी त्यांना ठाऊक असलेल्या संकटकालीन दारांतून निघाले, तर पाहुणे मुख्य प्रवेशाकडे गेले. जी कुटुंबे विखुरलेली होती त्यांनी आधी एकमेकांचा शोध घेतला.

बंदिस्त उद्यानाच्या आराखड्यासाठी याहून महत्त्वाचा धडा मला माहीत नाही. उद्यान ही कुटुंबे विखुरण्याचीच जागा आहे. मोठी मुले कोस्टरकडे जातात, लहान मुले खेळघरात आणि आजी-आजोबा बाकावर असतात. मुलांचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवला, कारण तिथे भाडे कमी येते, आणि पालकांची बसण्याची जागा दुसऱ्या मजल्यावर ठेवली, कारण तिथे खाद्यगृहे आहेत, तर आगीच्या वेळी पालक खाली जाणार नाहीत. ते गर्दीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढतील, आणि जिने तुंबतील. रशियातील केमेरोव्हो शहरात २५ मार्च २०१८ रोजी एका मॉलच्या आगीत ६० जण मरण पावले, त्यांत मुलांची संख्या मोठी होती. मुलांचा खेळ-विभाग आणि चित्रपटगृहे वरच्या मजल्यावर होती, इशारा देणारी यंत्रणा बंद होती, आणि दारे लावलेली होती. म्हणून लहान मुलांचा विभाग जमिनीच्या पातळीवर, बाहेरच्या भिंतीला लागून आणि पालकांना बसल्या जागेवरून दिसेल असा असावा. बाहेर पडण्याची दारेही केवळ संकटासाठी राखून ठेवू नयेत. रोज संध्याकाळी परतणारी गर्दी दोन-तीन वेगवेगळ्या दारांतून सोडली, तर तीच दारे ओळखीची होतात. तिकीट तपासणी आणि भेटवस्तूंची दुकाने यांमुळे मालकांना एकच दार सोयीचे वाटते, हे मला ठाऊक आहे. त्या सोयीपायी पाहुण्यांच्या मनातला नकाशा एका दारापुरता राहतो.

राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी जे घडले ते आपले वाचक विसरलेले नाहीत. पंचवीसहून अधिक माणसे, त्यांत लहान मुलेही, एका पत्र्याच्या शेडमध्ये आगीत मरण पावली. वेल्डिंगचे काम चालू होते, आत इंधन साठवलेले होते, अग्निशमन विभागाची परवानगी नव्हती. त्या जागेला कोणी थीम पार्क म्हणणार नाही, परंतु छताखालच्या करमणुकीचे मूळ प्रश्न लहान जागेलाही तेच असतात. बंदिस्त जागेतील गो-कार्ट विजेवरच चालाव्यात, पेट्रोलवरच्या गाड्यांना आणि इंधनाच्या साठ्याला आत जागाच नसावी, आणि पाहुणे आत असताना ठिणग्या उडणारे कोणतेही काम होऊ नये, या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

आवाज आणि हवा यांविषयी थोडे लिहितो. पोलाद, काच आणि काँक्रीट आवाज शोषत नाहीत, परतवतात. कोस्टरची घरघर, मुलांचा कल्ला आणि प्रत्येक विभागाचे स्वतंत्र संगीत एकमेकांवर चढत जाते. आवाजाची पातळी ८५ डेसिबल असताना आठ तास ही काम करण्याची मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो, असे अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था सांगते. पाहुणा तीन-चार तासांनी निघून जातो, पण राइडवरचा कर्मचारी रोज तिथेच उभा असतो. छताच्या आतल्या बाजूला आवाज शोषणारे अस्तर आणि रुळांच्या पोकळ भागात वाळूची भरणी हे उपाय ठाऊक आहेत. खर्च कापण्याची वेळ आली की पहिली कात्री यांनाच लागते. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी एक शांत खोलीही आराखड्यातच असावी. हवेच्या बाबतीत, संपूर्ण उंची थंड करण्याचा हट्ट सोडून माणसे वावरतात तेवढाच खालचा थर थंड ठेवला तर विजेची मोठी बचत होते, आणि त्यासाठी हवेचे झोत खालच्या बाजूने येतील अशी रचना लागते.

छताखालच्या उद्यानांचा व्यवसायही अवघड आहे, हे इतिहासात स्पष्ट दिसते. शिकागोजवळ १९७५ साली ओल्ड शिकागो नावाचे मॉल-उद्यान सुरू झाले. मधोमध राइड आणि भोवती दुकाने अशी मांडणी होती, पण ग्राहकांना वारंवार आणणारे एकही मोठे दुकान तिथे नव्हते. १९८० मध्ये ते बंद पडले. अटलांटात १९७६ साली मे महिन्यात ‘द वर्ल्ड ऑफ सिड अँड मार्टी क्रॉफ्ट’ हे बहुमजली उद्यान उघडले. लांबलचक सरकत्या जिन्याने सर्वांत वर जायचे आणि एकेक मजला पाहत खाली उतरायचे, अशी त्याची सुंदर कल्पना होती. ते त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद झाले. वरून खाली एकाच ओळीत पाहायचे असेल तर कथा एकदाच अनुभवता येते, आणि दुसऱ्यांदा येण्याचे कारण उरत नाही. बदलता येण्याजोग्या उद्यानाला आयुष्य अधिक असते. म्हणून एक गाळा पहिल्या दिवशी रिकामा ठेवावा, बाहेरच्या भिंतीचा एक भाग काढता येईल असा करावा, म्हणजे दहा वर्षांनी जुनी राइड बाहेर आणि नवी आत नेता येईल. तोच काढता येणारा भाग अग्निशमन दलालाही उपयोगी पडतो, हे नियोजनकारांनी ध्यानात घ्यावे.

संपादक महोदय, अशा प्रकल्पाची बातमी यापुढे छापताना आपल्या प्रतिनिधींनी राइडची उंची जरूर विचारावी. त्याबरोबर एका वेळी छताखाली किती माणसे असतील, ती सगळी बाहेर पडायला किती मिनिटे लागतील आणि हा वेळ प्रत्यक्ष माणसे घेऊन मोजला की केवळ संगणकावर, लहान मुलांचा विभाग कोणत्या मजल्यावर आहे, आणि इशारा होताच संगीत व खेळातले दिवे आपोआप थांबतात का, हेही विचारावे आणि मिळालेली उत्तरे, किंवा उत्तर मिळाले नाही ही गोष्ट, बातमीच्या पहिल्या परिच्छेदात छापावी. परवानगी देणाऱ्या यंत्रणांनीही उद्घाटनाआधी पूर्ण गर्दीची एक तालीम, पाहुण्यांना आधी न सांगता, घेण्याची अट घालावी आणि तिचा अहवाल प्रवेशद्वाराशी लावायला सांगावे.

आपला विश्वासू,
एक वास्तुविशारद वाचक